किल्ल्यावरून खाली उतरलेली राजधानी

लोणंदहून साळपे घाट, वाठार करत साताऱ्यात शिरलं की समोर अजिंक्यतारा दिसतो. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक तिथेच झाला. पण पुढे वाढत्या राज्याचा पसारा गडाच्या माथ्यावर मावेना. महाराजांनी पायथ्याशी शाहूनगर वसवलं. तेच आजचं सातारा शहर.

गंमत म्हणजे त्याच सुमारास रशियाचा झार पीटर नवी राजधानी उभारत होता. १७०३ मध्ये नेवा नदीच्या दलदलीत त्याने सेंट पीटर्सबर्गचा पाया घातला. तिथे दगडी इमारती भराभर उठाव्यात म्हणून १७१४ मध्ये त्याने उरलेल्या रशियात दगडी बांधकामच बंद केलं! गवंड्यांना दुसरीकडे कामच उरलं नाही.

साताऱ्यात असा हट्ट दिसत नाही. इथलं गाव उतार बघून, पेठापेठांनी वाढलं: मंगळवार, शनिवार, चिमणपुरा, व्यंकटपुरा. राजवाड्याला आजचं रूप आलं ते मात्र फार उशिरा, एकोणिसाव्या शतकात. तोवर राजधानीचा खरा कारभार पेशव्यांच्या पुण्याकडे कधीच सरकला होता.