गिअर अडतो, पण दोष गिअरबॉक्समध्येच असतो का?

अमौसी (लखनौ) : लखनौ-कानपूर मार्गावरील अमौसी विमानतळ आणि ट्रान्सपोर्टनगर परिसरात टॅक्सी, मालमोटारी व खासगी वाहनांची सतत वर्दळ असते. थांबत-थांबत पुढे सरकणाऱ्या अशा वाहतुकीत क्लचचा वापर वाढतो आणि त्याची झीजही वेगाने होते. परिणामी गिअर अडू लागला की संशय थेट गिअरबॉक्सवर घेतला जातो. तो उतरवणे खर्चिक असल्याने दोषाचे मूळ आधी शोधणे हिताचे ठरते.

त्यासाठीची पहिली चाचणी साधी आहे. मोटार सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून व इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. त्यानंतर इंजिन सुरू करून, क्लच व ब्रेक पूर्ण दाबून हीच कृती करावी. बंद इंजिनावर सहज पडणारे गिअर इंजिन सुरू होताच अडत असतील, तर क्लच पूर्णपणे सुटत नसण्याची शक्यता अधिक असते. केबल सैल होणे, क्लचचे तेल कमी होणे किंवा त्यात हवा शिरणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. दोन्ही वेळी गिअर अडत असल्यास गिअरच्या दांड्याला जोडणाऱ्या केबल व सांधे प्रथम तपासावेत.

केवळ एकाच गिअरला खरखर होत असेल, तर त्या गिअरची सिंक्रोनायझर कडी झिजलेली असू शकते. फिरत्या भागांचा वेग जुळवणारी ही रचना कॅडिलॅक मोटारींत 1928 मध्ये आली. अनेक मोटारींच्या रिव्हर्स गिअरला ती नसते. म्हणून क्लच दाबल्यावर काही क्षण थांबूनच तो टाकावा.

हिवाळ्यातील थंड सकाळी गिअर ऑईल घट्ट होते. काही किलोमीटरनंतर सुटणारा जडपणा सहसा दोष नसतो. तो टिकून राहिल्यास तेलाची पातळी व प्रत तपासावी. धावत्या मोटारीचा गिअर आपोआप निसटत असेल, तर मात्र दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

अडचण कोणत्या गिअरला, इंजिन सुरू असताना की बंद असताना, थंड असताना की तापल्यावर येते, एवढी नोंद मेकॅनिककडे दिल्यास अनावश्यक खर्च टळू शकतो.