अधांतरीचा मळा

जमिनीचा तुकडा ज्याच्या मालकीचा नाही त्याने काही पिकवण्याची हौस धरू नये, ही समजूत शहरवासीयांच्या मनात इतकी खोल रुजली आहे की, पुण्या-मुंबईच्या सदनिकेत आयुष्य घालवणारे कुटुंब गावाकडच्या सातबाऱ्यावरील आपले नाव मोठ्या आस्थेने जपते, परंतु स्वतःच्या गॅलरीत रोज येऊन पडणाऱ्या उन्हाची नोंद मात्र कोणत्याच दप्तरी करीत नाही. कोल्हापूरचे प्रा. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे मुळात गणिताचे अध्यापक. त्यांनी शेतीचा हिशेब एकराऐवजी सूर्यप्रकाशात मांडण्याचा आग्रह धरला, आणि प्रयोगशील शेतकऱ्यांच्या त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’पासून प्रेरणा घेऊन शहरांतील अनेक गच्च्यांवर भाजीपाला पिकू लागला. ज्यांच्या वाट्याला गच्चीही नाही, त्यांच्यासाठी या विचाराचे सर्वांत लहान आणि तरीही सर्वांगपूर्ण रूप म्हणजे टांगती कुंडी होय.

दह्यादुधाची मडकी शिंक्यावर चढवून मांजरापासून सुरक्षित ठेवण्याचा दस्तूर आपल्या घरांत फार जुना आहे, आणि टांगत्या कुंडीतील रोपालाही ती सुरक्षितता आपोआप लाभते. गोगलगाय आणि उंदीर यांचा उपद्रव कमी होतो, चहूबाजूंनी वारा खेळल्यामुळे पानांवर बुरशी सहसा धरत नाही. याहून मोठा लाभ उजेडाचा आहे. गॅलरीचा कठडा साधारणतः तीन फूट उंच असल्यामुळे जमिनीवर ठेवलेल्या कुंड्या दिवसाचा बराच काळ त्याच्या सावलीत राहतात. तीच कुंडी कठड्याच्या वर टांगली की तिला निर्वेध ऊन मिळते. पालेभाजीला तीन-चार तासांचे ऊन पुरते, फळभाजीला मात्र सहा तास लागतात. म्हणून कुंडी कोठे टांगायची हे ठरवण्यापूर्वी त्या जागी ऊन केव्हा येते आणि केव्हा जाते, हे आठवडाभर पाहून ठेवणे श्रेयस्कर.

आता वजनाचा विचार. तीस सेंटिमीटर व्यासाच्या अर्धगोल कुंडीत सुमारे सात लिटर माती मावते. बागेतील साधी माती भिजल्यावर हा भार बारा किलोच्या घरात जातो, आणि वाऱ्याने हेलकावे खाणारे एवढे ओझे गिलाव्यात ठोकलेल्या खिळ्याच्या भरवशावर सोडणे म्हणजे खालून जाणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे होय. आकडा स्लॅबमध्ये किंवा तुळईत पक्का बसवावा, आणि कुंडीत निव्वळ माती न भरता नारळाच्या सोडणापासून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा, म्हणजे बाजारातील कोकोपीट, आणि गांडूळखत समभाग घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. ओझे जवळजवळ निम्म्यावर येते. साडेसहाशे ग्रॅमची कोकोपीटची वीट पाण्यात फुगून सात-आठ लिटर होते. तिच्यात क्षार असल्यास ते निघून जावेत म्हणून ती दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावी.

जमिनीतील रोप तहान लागली की मुळे खोल धाडते. टांगलेल्या रोपाला ती मुभा नाही. सात लिटरांच्या हद्दीबाहेर त्याला काहीच नाही, आणि त्या हद्दीतील ओलावाही ऊन-वारा सर्व बाजूंनी शोषून घेत असतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावेच लागते. कुंडी तळाशी हात लावून किंचित उचलून पाहिली की हलकेपणावरून तिची तहान कळते. कोकोपीट एकदा पूर्ण सुकले की पाणी स्वीकारीत नाही. वरून घातलेले पाणी कडेकडेने निसटून खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते आणि आतले मूळ कोरडेच राहते. अशा वेळी कुंडी उतरवून बादलीभर पाण्यात बुडवावी व बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटे, तशीच राहू द्यावी. रोजच्या पाण्याबरोबर अन्नांशही वाहून जातो, तेव्हा दर पंधरवड्याला दहापट पाण्यात मिसळलेल्या वर्मीवॉशची, म्हणजे गांडूळखतातून झिरपलेल्या पाण्याची, तजवीज असावी.

रोपांची निवड करताना ज्यांची मुळे उथळ आणि ज्यांचा स्वभाव पसरण्याचा अथवा लोंबण्याचा, त्यांना अग्रमान द्यावा. मंडईतून आणलेल्या पुदिन्याच्या जुडीतील दोन धट्ट्या काड्या पेराखाली कापून पेलाभर पाण्यात ठेवल्या की थोड्याच दिवसांत पेरांतून पांढरी मुळे फुटतात. जमिनीत आजूबाजूचे सर्व व्यापणारा हा पुदिना कुंडीत मर्यादेने राहतो आणि काठावरून सुरेख ओघळतो. मेथी दाट पेरावी. ती तीन-चार आठवड्यांत खुडण्याजोगी होते. धणे हाताने रगडून दोन फाकांत पेरावेत, आणि कोथिंबिरीला सोटमूळ असल्यामुळे तिची जागा पुढे बदलू नये. भज्यांसाठी पानओवा आणि पावसाळ्यासाठी मायाळू ही दोन्ही विनातक्रार वाढतात.

चेरी टोमॅटोची ठेंगणी, झुडुपी जातच घ्यावी. उंच चढणारी जात सात लिटरांत सुखाने नांदत नाही. एक दिवस भरपूर पाणी आणि दोन दिवस कोरड, असा अनियमित कारभार झाला की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही आणि टोमॅटोचा बुडखा काळा पडतो. त्याला औषध एकच, नियमित पाणी. फुले आली की देठावर बोटाने हलकी टिचकी मारावी, म्हणजे पराग झडून फळ धरते; टांगत्या कुंडीत हे काम पुष्कळदा वाराच करतो.

परंतु या पद्धतीला स्ट्रॉबेरीइतके अनुरूप फळ दुसरे नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील शेतकरी फळ मातीला टेकून सडू नये म्हणून वाफ्यांवर प्लॅस्टिकचे आच्छादन अंथरतात, तर टांगत्या कुंडीत फळ काठावरून हवेतच लोंबत असल्यामुळे तो खटाटोप उरत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास एका कुंडीत तीन रोपे लावावीत, आणि पाने जिथून फुटतात तो मधला कोंब मातीखाली गाडला जाणार नाही याची दक्षता घ्यावी, कारण गाडलेला कोंब कुजतो. मधमाश्या फिरकत नसतील तर मऊ कुंचला फुलांवरून फिरवावा. अपुऱ्या परागीभवनाचे फळ वेडेवाकडे होते. मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात ही रोपे बहुधा टिकत नाहीत, म्हणून त्यांना एका हंगामाची पाहुणी मानणे इष्ट.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, कुंडीच्या तळाची भोके मोकळी आहेत ना हे पाहावे आणि वादळाची चिन्हे दिसताच कुंडी खाली उतरवावी.

अशा दोन-चार कुंड्यांनी घरखर्चाचा ताळेबंद बदलत नाही, आणि तशी आशा दाखवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र चहाला पुदिना आणि आमटीला कोथिंबीर हाताशी असणे हेही अल्प नव्हे. नवख्याने दसऱ्यानंतर पुदिन्याच्या एकाच कुंडीने प्रारंभ करावा, आणि ती पुढच्या मे महिन्याअखेर हिरवी राखता आली, तरच टोमॅटो आणि स्ट्रॉबेरीचा मनसुबा रचावा.