चाळीस गळे, एक गाणं

स्नेहसंमेलनाची नोटीस लागली की आपल्या होस्टेलमध्ये दरवर्षी एक गंमत पाहायला मिळते. एकल गायनाच्या यादीत जागा उरत नाही. (तिथे कुणाला गाता येतं हा प्रश्न कुणी विचारत नाही. असो!) नाटकाला माणसं जास्त होतात. आणि समूहगीताच्या कागदावर जेमतेम चार नावं, त्यातली दोन मित्रांनी चेष्टेने लिहिलेली. कुणाला धरून विचारलं तर उत्तर ठरलेलं : "अरे, माझा आवाज नाहीये रे."

मित्रांनो, हा 'आवाज नाही' नावाचा आजार बहुतेकांना शाळेत लागतो. माझी शाळा सातवीपर्यंत शिरूरला आणि वडिलांची बदली झाल्यावर पुढे दौंडला झाली. दोन्हीकडे मी समूहगीतात होतो. त्यातल्या एका शाळेत तालमीच्या दुसऱ्या दिवशी सर रांगेतून कान देत फिरायचे आणि चार-पाच जणांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच सांगायचे, "तू नुसते ओठ हलव." त्या पोरांपैकी एकालाही मी नंतर कधी गाताना ऐकलं नाही, गणपतीच्या आरतीतसुद्धा नाही. सरांचा हेतू वाईट नव्हता, स्पर्धा तोंडावर आली होती. पण त्यांचं गणित चुकत होतं. आणि ते कुठे चुकत होतं हे आपल्यासारख्या लॉगॅरिदम कोळून प्यायलेल्या (निदान परीक्षेपुरता!) लोकांना कागदावर मांडता येतं.

समजा, चाळीस मुलं साधारण सारख्याच जोरात गात आहेत. प्रत्येकाच्या आवाजाची फेज वेगळी, त्यामुळे बेरीज होते ती पॉवरची. एकाचे दहा झाले की पातळी १० डेसिबलने वाढते, चाळीस झाले की १६ डेसिबलने. आता त्या चाळिसातला एक गप्प बसला. फरक किती? चाळीस भागिले एकोणचाळीस, त्याचा लॉग, गुणिले दहा : ०.११ डेसिबल. एवढा फरक कानाला कळतच नाही. म्हणजे ज्याला ओठ हलवायला सांगितलं तो हळू आवाजात थोडा मागेपुढे गायला असता, तरी परीक्षकांना पत्ता लागला नसता.

आता दुसरी बाजू बघा. त्याच चाळिसात एक सुरेल पोरगा आहे. आपला आवाज उठून दिसावा म्हणून तो बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल जास्त जोरात गातो. त्याची पॉवर दहा मुलांएवढी झाली. एकूण एकोणपन्नास भागांपैकी दहा भाग त्या एकट्याचे! समूहगीत बिघडतं ते इथे, आणि नेमकी याच मुलाला सर शाबासकी देतात. पूर्ण एक स्वर खाली आणि वर जोरात गाणारा मुलगा अर्थात खटकणारच. पण त्याला गप्प करण्यापेक्षा दोन पक्क्या गळ्यांच्या मध्ये उभं करणं हा जुना आणि गुणकारी उपाय आहे. दोन्ही कानांत बरोबर सूर पडत राहिला की आठ-दहा दिवसांत बरेच जण आपोआप जागेवर येतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शिवाय चांगल्या वृंदातही सगळ्यांचे सूर अगदी तंतोतंत एक नसतात. किंचित मागेपुढे असतात आणि त्यामुळेच तो आवाज 'भरलेला' वाटतो. आपल्या विंगमधले गिटारवाले ज्या पेडलला 'कोरस' म्हणतात त्यात दुसरं काय असतं? एकाच आवाजाच्या प्रती थोड्या पुढेमागे, थोड्या वरखाली करून मिसळलेल्या.

तेव्हा समूहगीताची पहिली अपेक्षा ही, की आपल्याला जेवढं मोठं गाता येतं त्यापेक्षा कमी गायचं. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल तर आपण जास्त होतोय असं समजावं. स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एकाच गायकाला एकट्याने आणि वृंदात गायला लावून मोजमापं घेतली. एकट्याने गाताना ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला जो उंचवटा येतो (त्याच्याच जोरावर गायक वाद्यांच्या वर ऐकू येतो), तो वृंदात गाताना गायक स्वतःच कमी करतात. म्हणजे चांगला एकल गायक हा आपोआप चांगला वृंदगायक होत नाही, त्याला वेगळं शिकावं लागतं. 'आवाज नाही' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवावं.

हे वाटतं तितकं सोपं मात्र नाही. कारण आजूबाजूला गलका असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली ही गोष्ट मांडली, म्हणून तिला लोंबार परिणाम म्हणतात. मेसमध्ये साडेआठला रोज त्याचं प्रात्यक्षिक असतं. गाताना स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की प्रत्येक जण चढवतो, त्यामुळे शेजारी चढवतो, आणि तिसऱ्या कडव्याला नुसता ओरडा. यावरचा उपाय आपल्या शाहिरांना या डॉक्टरच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. पोवाडा म्हणताना शाहीर एक हात कानाला लावतो ना? ती काही नुसती ऐट नाही. कानामागे धरलेला तळहात स्वतःचाच आवाज कानाकडे वळवतो.

शाहिराचा विषय निघाला म्हणून सांगतो. समूहगीत म्हणजे शाळेने काढलेलं काहीतरी नवं खूळ, असं आमच्या भागात तरी म्हणता येणार नाही. तमाशात आणि पोवाड्यात मुख्य गायकाची ओळ संपता संपता उचलून धरणारे झीलकरी असतात. झीलकऱ्याला स्वतःची ओळ नसते, पण तो अर्ध्या मात्रेने चुकला तर शाहिराचा श्वास तुटतो. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे गाव लोककलेसाठी ओळखलं जातं. तमाशाच्या फडांसाठी वगनाट्यं आणि गाणी लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर (निधन २०२१) याच गावचे. दौंड तालुक्यात भजनी मंडळ नसलेलं गाव शोधावं लागेल. एक म्हणणार आणि बाकीचे टाळकरी झेलणार, ही पद्धत पोरांच्या कानावर शाळेत नाव घालायच्या आधीच पडलेली असते.

आता दुसरी अपेक्षा, वेळेची. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात हे आपण सगळे शिकलो. शाळेच्या मैदानावर घड्याळ लावून बघा, पोरं जास्त असली की गाडी मिनिटाच्या पुढे जाते. बाई म्हणतात, पोरं रेंगाळतात. मला वाटतं, पोरांपेक्षा हवेचा दोष जास्त. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पेटी पुढे आणि शेवटची रांग पन्नास मीटर मागे असेल तर पेटीचा सूर तिथे पोचायला ०.१५ सेकंद लागतात. मागची मुलं ऐकून गाणार, त्यांचा आवाज परत पुढे यायला आणखी ०.१५. मिनिटाला शंभर ठोक्यांची लय धरली तर एक ठोका ०.६ सेकंदाचा. म्हणजे पुढच्यांना मागचे चक्क अर्धा ठोका उशिरा ऐकू येतात! पुढचे थांबून घेतात, मग मागचे आणखी थांबतात, आणि गाणं ओढलं जातं. यात आज्ञाभंग कुणाचाच नाही. फीडबॅक लूपमध्ये डिले टाकला की काय होतं ते कंट्रोल सिस्टिमवाल्यांना मी सांगायची गरज नाही.

इलाज एकच : लय कानाने घ्यायची नाही, डोळ्याने घ्यायची. हात दाखवणारा उंचावर उभा पाहिजे आणि शेवटच्या रांगेने पेटीकडे दुर्लक्ष करून त्याच्या हाताबरोबर गायला पाहिजे. शाळेत हात दाखवणं म्हणजे मॉनिटरला मिळालेला मान समजतात, पण तेच सगळ्यात तांत्रिक काम आहे.

आणि जिथे एक हात सगळ्यांना दिसणं शक्यच नाही तिथे? त्याचं उत्तर दरवर्षी आमच्या तालुक्यातून चालत जातं. तुकाराम महाराजांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्काम करून पुढे उंडवडीकडे निघते. एवढ्या लांब पालखी सोहळ्यात सगळे मिळून एकच अभंग एका लयीत म्हणायचा प्रयत्न कुणी करत नाही. दिंड्या वेगळ्या, प्रत्येक दिंडीचा वीणेकरी वेगळा, मृदंग वेगळा, आणि टाळकरी त्या मृदंगाच्या टप्प्यात. मोठ्या यंत्रणेचे छोटे छोटे, स्वतःचं घड्याळ असलेले भाग पाडायचे, ही कल्पना आपण थर्ड इयरला इंग्रजीत शिकतो.

दौंड रेल्वेचं गाव, त्यामुळे तिथे आणखी एक गाणं कानावर पडायचं, चर्चमधलं. त्याच तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, १८९६-९७ च्या दुष्काळातल्या अनाथ मुलींना त्यांनी तिथे आसरा दिला होता. मराठी चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आजही गातात. पेटी-तबल्यावर सगळे एका सुरात गातात, तसंच काही ठिकाणी गायकवृंद तेच गाणं तीन-चार वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांत एकाच वेळी गातो. आपल्या समूहगीतात सगळ्यांचा स्वर एक, फार तर बायका-पुरुषांत सप्तकाचा फरक. वृंदाच्या पद्धतीत शेजारचा मुद्दाम वेगळा स्वर गात असतो आणि तो ऐकत आपण आपला धरून ठेवायचा असतो. पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा दोन ओळींत मी शेजाऱ्याच्या स्वरावर जाऊन बसलो होतो. सगळेच बसतात.

आठवी-नववीच्या मुलांवर मात्र शाळांत सर्रास अन्याय होतो. आवाज फुटतो तेव्हा मुलाचा सूर जवळजवळ एक सप्तक खाली जातो आणि मधल्या काळात तो कुठे घसरेल सांगता येत नाही. बाई पेटीवर काळी चार धरतात, मुलींना ती सोयीची असते, मुलं किंचाळतात, आणि लगेच 'याचा आवाज गेला' म्हणून काढून टाकतात. आवाज कुठे गेलेला नसतो. वर्ष-दीड वर्ष खालच्या सप्तकात, थोड्याच स्वरांचं गाणं दिलं तर तो बसतो. नाही दिलं तर तो मुलगा 'माझा आवाज नाही' हे सर्टिफिकेट घेऊन थेट आपल्या होस्टेलला येतो.

फायद्यांबद्दल लोक वाटेल ते सांगतात. गाण्याने गणित सुधारतं, बुद्ध्यांक वाढतो वगैरे. टोरांटोच्या ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ साली १४४ लहान मुलांवर प्रयोग केला होता, त्यात वर्षभर संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा सरासरी तीनेक गुणांनीच जास्त वाढला. नंतरच्या काही प्रयोगांत तेवढाही फरक दिसला नाही. तेव्हा एम-थ्री सुटावा म्हणून कुणी समूहगीतात येऊ नये!

पण दोन गोष्टी मला पटतात. एक श्वासाची. लांब ओळ एका दमात म्हणायची म्हणजे श्वास झटकन घेऊन सावकाश सोडावा लागतो, आणि एकच गाणं गाणाऱ्या सगळ्यांचा श्वास एकाच वेळी चालतो. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या ब्योर्न विकहॉफ यांनी २०१३ साली अठरा वर्षांच्या मुलामुलींवर मोजलं, तर एकत्र गाताना त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांचा वेगसुद्धा बरोबरीने कमीजास्त होत होता. दुसरी गोष्ट ओळखीची. इंग्लंडमध्ये पिअर्स, लॉने आणि डनबार यांनी २०१५ साली प्रौढांच्या नव्या वर्गांची तुलना केली. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांतले लोक एकमेकांच्या सारखेच जवळ आले होते, पण गाणाऱ्यांची जवळीक पहिल्या महिन्यातच झाली. आता आपल्या फर्स्ट इयरचा पहिला महिना आठवा. रूममेटशी बोलायला विषय नाही, घरी फोन केला की गळा दाटतो, आणि सांगायचं कुणाला? दौंडच्या नव्या शाळेत माझी पहिली ओळख समूहगीताच्या रांगेतच झाली, कारण तिथे बोलावं लागत नाही.

युवा महोत्सवाच्या नियमात समूहगायनाला जास्तीत जास्त सहा गायक घेता येतात. स्पर्धेसाठी ते ठीक, सहा पक्के गळे निवडा. पण म्हणून होस्टेलचं समूहगीतही सहाच जणांचं का असावं? स्नेहसंमेलनात तो नियम लागू नाही. साठ जण उभे करा, ऑडिशन नको. तालीम मेसमध्ये घेऊ नका. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे तिथे आवाज घुमतो, सगळ्यांना आपण फार छान गातोय असं वाटतं आणि शब्द एकमेकांत मिसळतात. गच्चीवरही नको, तिथे आवाज कुठूनच परत येत नाही, त्यामुळे पाचवा माणूस ऐकू येत नाही. कॉमन रूम बरी. पहिले दोन दिवस पेटी न घेता नुसते शब्द टाळीवर म्हणायचे, विशेषतः ओळीच्या शेवटी येणारा 'स' किंवा 'श' सगळ्यांनी एकदम सोडायचा, नाहीतर साठ जणांची शिट्टी वाजते. श्वास आळीपाळीने घ्यायचा, शेजारी घेतोय तेव्हा आपण नाही. एक जण थांबला तर किती फरक पडतो ते वर काढलेलंच आहे, साठ जणांत तर तो ०.०७ डेसिबल येतो. कागद कॉमन रूमच्या दारावर लावलाय, पेन दोऱ्याने बांधून.