वाचनालयाचा वसंत

चैत्र महिना लागला की गावाच्या आणि शहराच्याही दैनंदिन जीवनाची लय बदलते. रब्बीची मळणी आटोपत आलेली असते, परीक्षा संपण्याच्या बेतात असतात आणि दिवसभराच्या उन्हानंतरची संध्याकाळ अंगणात, ओट्यावर बसण्याजोगी झालेली असते. वर्षातील सर्वांत अधिक मोकळा वेळ लोकांच्या, विशेषतः मुलांच्या, हाती येतो तो याच दोन-अडीच महिन्यांत. तथापि नेमक्या याच काळात अनेक गावांतील आणि पेठांतील सार्वजनिक वाचनालये मंदावतात. दुपारी वाचक फिरकत नाहीत, शाळा नाही म्हणून बालविभागाचे कपाट उघडले जात नाही आणि सकाळी चार-दोन वृत्तपत्रे चाळण्याची जागा एवढेच वाचनालयाचे स्वरूप उरते. थोडे नियोजन केल्यास हाच काळ वाचनालयाच्या दृष्टीने सुगीचा ठरू शकतो. त्यासाठी लागणारी साधने बहुतेक ठिकाणी आधीच उपलब्ध आहेत.

सुटी आणि अक्षरओळख

ज्या घरात पुस्तके आहेत, तेथील मुलाला सुटीत वाचायला काही ना काही मिळते. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही, तेथील मुलाचा मात्र शाळा बंद होताच अक्षरांशी संबंध सुटतो. दुसरी-तिसरीत नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाचे यात सर्वांत अधिक नुकसान होते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मागील वर्षी शिकविलेले पुन्हा शिकविण्याची वेळ शिक्षकांवर येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून गळीत हंगामात बाहेर पडलेली कुटुंबे मार्च-एप्रिलच्या सुमारास गावी परततात. त्यांच्याबरोबर गेलेली मुले परत येतात तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. हंगामात शाळा दूर राहिली आणि परतल्यावर सुटी लागली, अशी त्यांची दुहेरी अडचण होते. त्या दिवसांत गावात पुस्तकांसह उघडी राहू शकेल अशी संस्था एकच, ती म्हणजे वाचनालय. ते बंद असले तर या मुलांना थेट जूनपर्यंत थांबावे लागते आणि काही जण तोपर्यंत शाळेपासून कायमचे दुरावलेले असतात. म्हणूनच वसंतातील कार्यक्रमांकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही.

परंपरा आपलीच

वसंत ऋतू आणि ज्ञानप्रसार यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. एप्रिल-मे महिन्यांत रोज सायंकाळी एका विषयावर एका जाणकाराने बोलावे आणि नागरिकांनी ते ऐकावे, अशी तिची साधी रचना आहे. पुढे राज्यातील इतर अनेक गावांनी हा पायंडा उचलला.

ग्रंथालयांची परंपरा त्याहूनही जुनी आहे. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०) आणि कोल्हापूर (१८५०) येथील वाचनालये दीड शतकाहून अधिक काळ लोकांच्या आश्रयावर उभी आहेत. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात १९१० च्या सुमारास सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला आणि जेथे इमारत नव्हती तेथे पेट्यांतून पुस्तके पाठविण्याची व्यवस्था केली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांविषयी कायदा केला. राज्य स्थापन झाल्यानंतर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार शासकीय अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. ग्रंथालय लोकांचे आणि साहाय्य शासनाचे, हे या व्यवस्थेचे मुख्य सूत्र आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. २०१२ मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा काही ग्रंथालये केवळ कागदोपत्री चालत असल्याचे आढळून आले. ग्रंथालयाचे अस्तित्व दाखल नोंदवहीवरून सिद्ध होते, हे खरे. परंतु त्याची उपयुक्तता सिद्ध होते ती देवघेवीच्या नोंदींवरून.

चैत्र-वैशाखाची दिनदर्शिका

वसंतातील कार्यक्रमांसाठी निमित्ते शोधत बसण्याची आवश्यकता नाही. पाडव्याला वाचनालयाच्या दारी गुढी उभारून नव्या ग्रंथांचे प्रदर्शन मांडावे आणि त्याच दिवशी नवे बालसभासद नोंदवावेत. मुलांकडून अनामत रक्कम घेण्याऐवजी शिक्षकाची किंवा पंचायत सदस्याची शिफारस पुरेशी मानली, तर गरीब घरातील मूलही निःसंकोचपणे आत येईल.

२ एप्रिल हा हॅन्स अँडरसन यांचा जन्मदिन आंतरराष्ट्रीय बालग्रंथ दिन म्हणून पाळला जातो. ११ एप्रिलला महात्मा फुले यांची आणि १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती येते. ग्रंथसंग्रहाची सोय व्हावी म्हणून मुंबईत दादरला 'राजगृह' उभारणाऱ्या बाबासाहेबांना अनेक ठिकाणी सलग अठरा तास वाचन करून अभिवादन केले जाते. हा उपक्रम वाचनालयाने आपल्या वाचनकक्षात घडवून आणावा. त्यामुळे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण वाचनालयाशी जोडले जातील.

२३ एप्रिल हा जागतिक ग्रंथ दिन म्हणून युनेस्कोने १९९५ मध्ये घोषित केला. ३० एप्रिल ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती आणि १ मे हा महाराष्ट्र दिन. या दिवशी अनेक गावांत ग्रामसभा भरते. वाचनालयाने आपला वर्षाचा अहवाल तेथे वाचून दाखवावा आणि गावाला कोणती पुस्तके हवी आहेत, हे ग्रामसभेलाच विचारावे.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी स्त्रिया एकत्र येतात. सधवा-विधवा असा भेद न करता एका दुपारी हा मेळावा वाचनालयातच भरविला आणि पन्हे व आंब्याच्या डाळीबरोबर एखाद्या पुस्तकातील दोन प्रकरणे वाचली, तर उंबरठ्याबाहेरून परतणाऱ्या अनेक जणी प्रथमच कपाटापर्यंत येतील.

वेळेचे नियोजनही ऋतूला धरून असावे. सकाळी आठ ते दहा आणि सायंकाळी पाच ते आठ वाचनालय उघडे ठेवून दुपारी बंद ठेवणे सोयीचे होईल. पिण्याच्या पाण्याचा माठ आणि बसण्यास सतरंजी एवढी सिद्धता असली तरी पुरे.

बेचाळीस संध्याकाळी

रोजच्या कार्यक्रमासाठी सर्वांत सुलभ उपक्रम म्हणजे प्रकट वाचन. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले 'श्यामची आई' हे पुस्तक त्यासाठी जणू आखूनच दिलेले आहे. त्याची विभागणी प्रकरणांत नाही, रात्रींत आहे. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो आणि अशा बेचाळीस रात्री पुस्तकात आहेत. २० एप्रिलला पहिली रात्र वाचली तर ३१ मे रोजी बेचाळिसावी वाचून होते. सुटीच्या मुख्य काळाला हे गणित नेमके जुळते.

वाचन कोणी करावे, याचाही विचार व्हावा. पहिले काही दिवस शिक्षकाने किंवा ग्रंथपालाने वाचावे. पुढे सातवी-आठवीतील मुलांनी आळीपाळीने वाचावे आणि लहानांनी ऐकावे. अडखळत वाचणाऱ्या मुलाला आदल्या दिवशीच पुस्तक घरी न्यायला द्यावे, म्हणजे तो तयारी करून येईल. त्या तयारीतच त्याचे खरे शिक्षण होते. घरी निरक्षर आजी असेल तर ती ऐकेल आणि दुसऱ्या दिवशी नातवाबरोबर वाचनालयातही येईल. प्रकट वाचनाचा हा लाभ मोठा आहे, कारण त्यात अक्षरओळखीची अट नसते.

कोणी काय वाचावे

ग्रंथांची निवड वाचकाच्या वयाला, व्यवसायाला आणि ऋतूला अनुरूप असावी. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी भा. रा. भागवत यांच्या 'फास्टर फेणे' मालिकेतील पुस्तके हाताशी ठेवावीत. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला हा मुलगा ग्रामीण वाचकाला आपलासा वाटतो. लहानांसाठी विंदा करंदीकरांच्या बालकविता आहेत. बालभारतीतर्फे १९७१ पासून प्रसिद्ध होत असलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. ज्या वाचनालयात संगणक आहे, तेथे हा मोठाच खजिना उपलब्ध होतो.

निसर्गाच्या वाचनासाठी दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हे पुस्तक शिक्षकांनी अवश्य वाचावे. प्रत्येक मराठी महिन्याला एक लेख, अशी त्याची मांडणी असून आरंभ चैत्रापासून आहे. चैत्रातील लेख वाचून दुसऱ्या दिवशी पहाटे मुलांना शिवारात न्यावे. पळस, पांगरा, कडुनिंबाचा मोहोर, कोकिळेचा आवाज यांची नोंद करावी आणि परत येऊन मराठी विश्वकोशात त्यांची माहिती शोधावी. ज्याला पाहिलेल्या गोष्टीविषयी ग्रंथात शोध घेण्याची सवय लागली, तो आयुष्यभराचा वाचक झाला असे समजावे. मोठ्या मुलांना पुढे मारुती चितमपल्ली यांचे 'रानवाटा' देता येईल.

स्त्रियांच्या मेळाव्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उत्तम. शाळेत जाऊन शिक्षण न मिळालेल्या एका स्त्रीने लिहिलेले हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. त्यातील भाषा घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीची आहे, म्हणून ते ऐकतानाही समजते. शेतकऱ्यांसाठी हा काळ खरिपाच्या तयारीचा असतो. कृषी विभागाचे 'शेतकरी' मासिक, तसेच माती परीक्षण, बियाणे आणि पाणी व्यवस्थापन यांवरील पुस्तिका एका वेगळ्या फळीवर मांडाव्यात आणि त्यांच्या शेजारी महात्मा फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) ठेवावा.

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाने व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचावी. माणदेशातील धनगरांच्या वस्तीत शाळा चालविण्यासाठी आलेल्या तरुण मास्तराची ही कादंबरी गाव समजून घेण्यास उपयुक्त ठरते. पंचायत सदस्यांसाठी तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' आहे. तिचे एकेचाळीस अध्याय ग्रामजीवनाच्या निरनिराळ्या अंगांना स्पर्श करतात.

जबाबदारी कोणाची

संविधानाच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांची यादी आहे आणि तिच्यात ग्रंथालये हा विषय विसाव्या क्रमांकावर आहे. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. म्हणजे वाचनालयाकडे लक्ष देणे हा पंचायतीचा केवळ औदार्याचा भाग नाही, तो तिच्या कार्यकक्षेतील विषय आहे. दिवाबत्ती, पाणी आणि सायंकाळच्या वेळी एखादी मोकळी वर्गखोली किंवा समाजमंदिर उपलब्ध करून देणे पंचायतीला कठीण नाही.

शिक्षकांनी सुटी लागण्यापूर्वी आपल्या वर्गातील सर्व मुलांना एकदा वाचनालयात नेऊन सभासद करावे आणि वाचनात मागे पडलेल्या मुलांची नावे ग्रंथपालास सांगावीत. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी दाखल ग्रंथांबरोबरच उन्हाळ्यातील देवघेवीचीही चौकशी करावी. ग्रंथखरेदीसाठी १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान व असमान निधी योजनांचा लाभ घेता येतो. त्याबाबतची माहिती जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात मिळू शकते.

इमारत नाही, ही सबब फार काळ टिकणारी नाही. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ च्या मे महिन्यात 'पुस्तकांचे गाव' साकारले, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या घरांतील खोल्या पुस्तकांसाठी खुल्या केल्या. एवढा मोठा प्रकल्प प्रत्येक गावात होणार नाही. परंतु एका वाडीतील एका ओसरीवर पन्नास पुस्तकांची पेटी ठेवणे आणि दर पंधरवड्याला ती बदलणे कोणत्याही वाचनालयाला शक्य आहे. ऊसतोडणीहून परतलेल्या कुटुंबांची वस्ती गावाबाहेर असेल, तर पहिली पेटी तेथेच जावी.

यशाचे मोजमाप

कार्यक्रम पार पडले, छायाचित्रे निघाली, म्हणजे काम झाले असे नाही. मृगाचा पाऊस पडून शाळा उघडतील तेव्हा ग्रंथपालाने आपली नोंदवही पुढे घ्यावी आणि तीन गोष्टी पाहाव्यात. पाडव्यानंतर किती नवी मुले सभासद झाली, त्यांपैकी किती जणांनी दुसऱ्यांदा पुस्तक नेले आणि ज्या घरांतून पूर्वी कोणीच येत नसे अशी किती घरे यादीत आली. दुसऱ्यांदा पुस्तक नेण्याचा आकडा सर्वांत महत्त्वाचा मानावा. पहिले पुस्तक मूल कुणाच्या तरी सांगण्यावरून नेते, दुसरे मात्र ते स्वतःच्या इच्छेने नेत असते. हा आकडा दर वर्षी थोडा जरी वाढत गेला, तरी त्या गावातील वाचनालयाचे भवितव्य सुरक्षित आहे असे म्हणता येईल.