सांडलेल्या विद्युतभाराचा हिशेब

जेमतेम १४ मिलिमीटर बाजूचा चौकोन, त्यात २५६ गुणिले २५६ पिक्सेल. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या मेडिपिक्स गटाची ही चिप. कणभौतिकीच्या प्रयोगांतलं तंत्र क्ष-किरण चित्रणाला वापरावं, या विचारातून १९९०च्या दशकात पहिली मेडिपिक्स आली. तिचा पिक्सेल १७० मायक्रॉनांचा होता. पुढच्या पिढीत तो ५५ वर आला.

पिक्सेल लहान केला की चित्र तेवढंच रेखीव होणार, असं कुणालाही वाटेल. क्ष-किरण टिपणाऱ्या सिलिकॉनच्या थराला ते मान्य नाही. २० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन त्यात शोषला गेला की भाराच्या साधारण साडेपाच हजार जोड्या सुटतात आणि ३०० मायक्रॉनांचा थर ओलांडेपर्यंत पसरतात. बांधावरच्या आंब्याची फळं दोन्ही शेतांत पडावीत, तसा भार शेजाऱ्यांत वाटला जातो. मग एकच फोटॉन दोनदा मोजला जातो, किंवा कुणाचाच वाटा पुरेसा नसल्यामुळे मोजलाच जात नाही.

मेडिपिक्स३ने यावर निवाडा काढला. चार पिक्सेल जिथे भेटतात तिथे चौघांच्या भाराची बेरीज करायची आणि ज्याचा वाटा मोठा त्याच्या नावावर फोटॉन मांडायचा. हे सगळं चिपवरच, प्रत्येक फोटॉनसाठी. न्यूझीलंडच्या मार्स कंपनीने २०१८ मध्ये दाखवलेली माणसाच्या घोट्याची रंगीत त्रिमितीय चित्रं याच चिपच्या जोरावरची. सिलिकॉनऐवजी कॅडमियम टेल्युराइड असलं, तर आणखी एक भानगड होते. कॅडमियम स्वतःच दुय्यम क्ष-किरण सोडतं आणि तो शंभरेक मायक्रॉन दूर जाऊन शोषला जातो. म्हणून तिथे बरेचदा ११० मायक्रॉनांचे पिक्सेल पत्करतात.

मला स्वतःला अधिक आवडते ती याच गटाची २००६ची टाइमपिक्स. तिने या सांडलवंडीलाच कामाला लावलं. संकेत किती वेळ टिकला यावरून तिच्या पिक्सेलला भार कळतो. सगळा भार एकाच पिक्सेलवर पडला, तर कणाची जागा सुमारे १६ मायक्रॉनांच्या अनिश्चिततेने कळते. ५५ भागिले बाराचं वर्गमूळ. भार अनेकांत वाटला गेला, की वाट्यांवरून मध्य काढता येतो आणि जागा पिक्सेलपेक्षा कितीतरी बारीक कळते. लिथियमच्या लेपाने न्यूट्रॉनचं रूपांतर जड कणांत केलं, की न्यूट्रॉनची चित्रंही अशीच काही मायक्रॉनांपर्यंत नेमकी निघतात. अट एवढीच, की दोन डाग एकमेकांत मिसळता कामा नयेत. त्यामुळे मारा विरळ ठेवायचा आणि चित्रासाठी वाट पाहायची.

टाइमपिक्स३ प्रत्येक संकेतावर १.५६ नॅनोसेकंदांच्या मापाने वेळ नोंदवते, म्हणून जागेवर मिसळलेले डागही वेळेवरून वेगळे काढता येतात. टाइमपिक्स४मध्ये पिक्सेल तेवढाच ठेवून हे माप १९५ पिकोसेकंदांवर आणलं आहे.