थरथर आधी की झीज आधी?

नाशिकहून पेठ, हरसूल, सुरगाणा किंवा वणीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कित्येक वर्षे काळी-पिवळी जीपनेच माणसे वाहिली. त्या जीपच्या चालकांना एक दुखणे चांगले परिचयाचे असते. गाडी साठाच्या आसपास धावत असते, पुलाचा सांधा किंवा एखादा खड्डा लागतो आणि हँडल हातातल्या हातात नाचू लागते. पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे फडफडतात आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत हा प्रकार थांबत नाही. गॅरेजच्या भाषेत याला ‘वॉबलिंग’ म्हणतात. मागे दहा-बारा माणसे बसलेली असताना हे घाटात झाले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

मी इंजिनिअर नाही. सातपूरच्या कारखान्यांमुळे आणि मुंबई-आग्रा रस्त्यामुळे नाशिकमध्ये गॅरेजांना तोटा नाही. तिथे बसून, फिटर लोकांना विचारून आणि मिळतील ती जुनी दुरुस्ती-पुस्तके वाचून मी हा विषय शिकलो. या दुखण्यावर पैसे खर्च होतात, सुटे भाग बदलले जातात आणि काही महिन्यांत थरथर परत येते, असे का होते, हा माझा प्रश्न होता.

एक दांडा, दोन चाके

आजच्या बहुतेक मोटारींत पुढची दोन चाके आपापली वर-खाली होतात. जुनी महिंद्रा जीप, मारुती जिप्सी, मालट्रक आणि एसटीची साधी बस यांत मात्र दोन्ही चाके एका अखंड अ‍ॅक्सलच्या टोकांना असतात. डावे चाक उंचवट्यावर चढले की सगळा अ‍ॅक्सल उजवीकडे कलतो आणि त्याबरोबर दोन्ही चाकेही कलतात.

फिरते चाक कलले की ते वळू पाहते. सायकल उजवीकडे झुकली की पुढचे चाक आपोआप उजवीकडे वळते, तसेच हे. भोवऱ्याच्या डोलण्यामागेही हेच तत्त्व आहे. डावे चाक उचलले गेले की जीपची चाके उजवीकडे वळू पाहतात. ती झटक्याने वळली की उलटा परिणाम होतो, अ‍ॅक्सल डावीकडे कलतो आणि उजवे चाक उचलले जाते. मग चाके डावीकडे वळू पाहतात. कलण्यातून वळणे आणि वळण्यातून कलणे, असे हे चक्र सुरू होते. त्याला लागणारी ऊर्जा गाडीच्या वेगातून येते. टायर रबराचा असल्याने त्याचा आडवा जोर चाकाच्या वळण्यामागून किंचित उशिरा येतो आणि त्या उशिरातून प्रत्येक झोक्याला थोडे बळ मिळते.

वेगाचा संबंधही हिशेबाने कळतो. जीपच्या १६ इंची रिमवरच्या जुन्या टायरचा व्यास सुमारे ७२ सेंटीमीटर, म्हणजे परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे ७.४ वेळा फिरते, ८० ला सुमारे ९.८ वेळा. पाट्यांवर आणि टायरवर बसलेला अ‍ॅक्सल स्वतःच्या लयीत डोलतो, तोही साधारण याच पल्ल्यात. दोन्ही लयी जुळल्या की लहानसा धक्काही पुरतो.

शंभर वर्षांपूर्वीचा नाच

हे दुखणे आपल्या रस्त्यांनी निर्माण केलेले नाही. १९२०च्या दशकात युरोप-अमेरिकेत कमी हवेचे फुगीर टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक आले, तेव्हा तिथल्या मोटारी अशाच थरथरू लागल्या. त्या काळी गाजलेल्या एका नाचावरून तिकडच्या लोकांनी या थरथरीला ‘शिमी’ म्हटले. फ्रान्समध्ये जॉर्ज ब्रूलिए यांनी १९२५मध्ये टायरच्या आडव्या घसरणीशी तिचे नाते मांडले. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३४च्या मोटारींत पुढची चाके एकमेकांपासून सुटी केली, त्यामागे आरामाबरोबर हेही एक कारण होते. चाक न कलता वर-खाली झाले की चक्राचा एक दुवाच तुटतो. ओझ्याच्या आणि खडतर रस्त्याच्या गाड्यांत मात्र दणकटपणासाठी अखंड अ‍ॅक्सल टिकून राहिला.

ढिलाई आणि घर्षण

सगळे सांधे घट्ट असले तर थरथर सुरू होताच विरते, कारण घर्षण तिची ऊर्जा खाऊन टाकते. किंगपिनचे बेअरिंग, टायरॉड एंड, ड्रॅग लिंक, जुन्या जीपमधला बेलक्रँक, पाट्यांचे बुश, शॅकल, यू-बोल्ट आणि स्टिअरिंग बॉक्सचे नट यांपैकी काहीही सैल झाले की चाकाला काही मिलिमीटर मोकळीक मिळते. तेवढ्यात झोका वाढतो. वाढलेला झोका त्याच सांध्यांवर हातोड्यासारखा आपटतो आणि मोकळीक आणखी वाढते.

म्हणून थरथर आधी की झीज आधी, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. दोन्ही एकमेकींना पोसतात. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सर्वांत जास्त झिजलेला भाग हा मूळ दोषी असेलच असे नाही. अनेकदा तो मार खाणारा असतो. टायरॉड एंड वारंवार जात असेल तर शॅकलच्या बुशकडे पाहावे.

टायरची साक्ष

टायर खोटे बोलत नाही. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड गेली असेल तर चाकाचा उभा कल बिघडला आहे. साध्या अखंड अ‍ॅक्सलमध्ये तो कल फिरवून जुळवता येत नाही, त्यामुळे वाकलेला अ‍ॅक्सल किंवा झिजलेला किंगपिन यांचा संशय घ्यावा. नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा. बाहेरून आत गुळगुळीत आणि आतून बाहेर करवतीसारखे लागले तर चाकांची पुढची तोंडे प्रमाणाबाहेर आत वळलेली आहेत. टायरवर जागोजागी खळगे पडले असतील तर चाक उड्या मारत आहे: बॅलन्स, शॉकअ‍ॅब्सॉर्बर किंवा सैल सांधा.

पाव तासाची तपासणी

क्रम स्वस्तापासून महागाकडे असावा. आधी दोन्ही बाजूंची हवा सारखी करावी. मग पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून गाडी चालवावी. थरथर बदलली तर दोष टायर, रिम किंवा बॅलन्समध्ये आहे. बॅलन्सचा कंप एका ठरावीक वेगाला येतो आणि तो वेग ओलांडला की कमी होतो. खरे वॉबलिंग धक्क्याने सुरू होते आणि वेग बराच उतरल्याशिवाय जात नाही.

नंतर गाडी जमिनीवरच ठेवून एकाने हँडल थोडे थोडे डावे-उजवे हलवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटांना कळते. मग जॅक लावून, खाली आधार देऊन, चाक वरून-खालून धरून हलवावे. खुळखुळ जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ गेली तर चाकाचे बेअरिंग सैल आहे, राहिली तर किंगपिन.

सगळे घट्ट झाल्यावरच अलाइनमेंट करावे. सैल सांध्यांवर केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्याला बिघडते. गाडी उंच करण्याच्या हौसेपायी लांब शॅकल लावतात, तेही इथे पाहावे. शॅकल पुढच्या टोकाला असलेल्या जीपमध्ये त्याने किंगपिनचा मागचा कल कमी होतो आणि गाडी सरळ धरत नाही. तो पाट्याखाली पाचर घालून सुधारतात, पण पाचर जास्त झाली तर थरथरीला पुन्हा आमंत्रण मिळते.

दाबलेला आवाज

स्टिअरिंग डँपर बसवला की थरथर त्याच दिवशी थांबते, म्हणून तो लोकप्रिय आहे. डँपर वाईट नाही. काही गाड्यांत तो मुळातच असतो. पण सैल किंगपिनवर बसवलेला डँपर म्हणजे ताप उतरवणारी गोळी. आत सांधा झिजतच राहतो आणि चालकाला इशारा देणारी थरथर तेवढी गप्प होते. मला सर्वांत धोकादायक वाटतात त्या थरथरणाऱ्या नव्हे, तर अशा गप्प केलेल्या गाड्या.

चालत्या गाडीत वॉबलिंग सुरू झालेच तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढावा, हँडल हिसके न देता धरावे, हळूहळू ब्रेक लावून कडेला यावे आणि तपासल्याशिवाय पुढची खेप करू नये.

दसऱ्याला आणि पाडव्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्या दिवशी दोन माणसे आणि एक जॅक हाताशी असतातच. हार घालण्याआधी पाव तास गाडीखाली जावे आणि काय सैल सापडले ते तारखेसह वहीत लिहावे. पुढच्या वर्षी तीच नोंद कुठला भाग मार खातो आणि कुठला मारतो, हे सांगेल.