रंगाआधी भिंत बघा

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घरोघरी रंगाचा विषय निघतो. पुण्याला, हैदराबादला नोकरी करणारी मुले आठ दिवसांची रजा काढून गावी येतात आणि तेवढ्या दिवसांत आई-वडिलांचे घर रंगवून घ्यायचे ठरते. पेंटर एक दिवस घासतो, दुसऱ्या दिवशी प्रायमर मारतो, नंतर दोन हात रंग. पाडव्याला घर झळकते. पुढच्या पावसाळ्यात मात्र भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पोपडे सुटू लागतात. मग कोणी रंगाच्या कंपनीला नावे ठेवतो, कोणी पेंटरला. माझ्या मते बहुतेक वेळा खरी गोष्ट वेगळीच असते: पावसाने ओल धरलेल्या भिंतीवर, जुना चुना तसाच ठेवून काम उरकलेले असते.

आपल्या भागातल्या भिंती आधी समजून घ्याव्या लागतात. बिदरचे पठार जांभ्याचे आहे. शहाबादकडे चुनखडीचा दगड, ज्याची शहाबादी फरशी सगळीकडे जाते. जुनी घरे दगड-मातीची, वर माळवद, आतून मातीचा किंवा चुन्याचा गिलावा आणि त्यावर वर्षानुवर्षे दिलेली सफेदी. पुढची खोली नंतर विटा-सिमेंटची बांधलेली, मागचे माजघर आजोबांच्या काळचे, अशी घरे तर पुष्कळ. या दोन्ही भिंतींना एकच उपाय चालत नाही.

जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी ओढतो. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. त्यामुळे जमिनीतले पाणी भिंतीत चढते आणि सोबत क्षार आणते. पाणी उडून जाते, क्षार पृष्ठभागावर राहतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. चुन्याचा गिलावा ही वाफ बाहेर जाऊ देतो. त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक रंगाचा थर दिला की वाफेची वाट अडते, मग ती रंगालाच ढकलते. इथे प्रायमरकडून भलतीच अपेक्षा ठेवली जाते. प्रायमर भिंतीची भुकटी धरून ठेवतो, भिंतीचे शोषण सगळीकडे सारखे करतो, वरच्या रंगाला पकड देतो. ओल थांबवणे हे त्याचे काम नव्हे. माळवदातून, न्हाणीच्या नळातून किंवा अंगणाच्या उलट्या उतारामुळे पाणी येत असेल तर आधी ते बंद करावे. रंगाची बोलणी त्यानंतर.

भिंत तयार आहे की नाही हे आपणच पाहू शकतो. हात फिरवावा, पांढरी भुकटी लागली तर चुना किंवा जुना डिस्टेंपर सुटतो आहे. चिकटपट्टी दाबून लावावी आणि झटक्यात ओढावी. पापुद्रा सोबत आला तर नवा रंगही तसाच येणार. ओलीसाठी हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी पट्टीने चिकटवून एक दिवस-रात्र ठेवावा. आतून दव धरले तर थांबावे.

सफेदीचे थर पत्र्याने खरवडून काढावेच लागतात. काम कंटाळवाणे, धुळीचे आणि मजुरीचे आहे. म्हणूनच पेंटर ते टाळायला बघतो आणि घरमालकही "वरवर घासा" म्हणतो. पण चुन्यावर मारलेला प्रायमर चुन्याला धरतो, भिंतीला नाही. लोणा असेल तिथे पाणी मारू नये. क्षार पाण्यात विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून ती भुकटी घराबाहेर टाकावी.

दारे-खिडक्या किंवा भिंतींवर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा खरवडू नये, ओला करून घासावा. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. त्या धुळीपासून लहान मुले आणि गरोदर बायका दूर ठेवाव्यात.

माजघरासारख्या जुन्या, ओल चढणाऱ्या भिंतीला माझा स्पष्ट सल्ला असा: पुट्टी-प्लास्टिकच्या नादी न लागता पुन्हा चुनाच द्यावा. तो कमीपणा नाही. बिदरजवळ अष्टूरला अहमदशहा वली बहमनी याच्या कबरीच्या घुमटात आतून केलेले रंगकाम आजही पाहता येते. हा सुलतान १४३६ साली वारला.

सिमेंटच्या नव्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्यावेत. ओला सिमेंट अतिशय अल्कलीयुक्त असतो, तो रंग फिका पाडतो, ऑइलपेंट तर चिकट करून टाकतो. भेगा उघडून भरायच्या, वाळू द्यायच्या. पुढे घोटाळा होतो तो पुट्टीच्या क्रमात. आपल्याकडचे पेंटर जिला लप्पम म्हणतात ती दोन प्रकारची मिळते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी भिंत हलकी ओली करून थेट लावतात. अॅक्रिलिक पुट्टीखाली मात्र प्रायमर हवा. दोन पातळ हात पुरे, दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या वर नको. पॉलिश पेपरने घासल्यावर धूळ पुसून प्रायमरचा हात द्यायचाच, नाहीतर पुट्टी रंग पिते.

आता हिशेब, कारण आयुष्य बँकेत गेले. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली धरा. चार भिंती ४४० चौरस फूट. एक दार, एक खिडकी वजा केली की साधारण ४००. एक लिटर प्रायमर गुळगुळीत भिंतीवर एका हाताला सुमारे १०० चौरस फूट जातो, म्हणजे ४ लिटर. खडबडीत भिंतीला जास्त लागेल. पेंटरने दोन लिटरमध्ये खोली केली तर उरलेले पाणी होते असे समजावे. डब्यावर लिहिले आहे तेवढेच पाणी घालू द्यावे, आणि दरपत्रकात खरवडणे, प्रायमर, पुट्टी, रंग यांचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. सगळे मिळून एकच आकडा दिला की कात्री खरवडण्यालाच लागते.

राहिला मुहूर्त. दसऱ्याला भिंत पावसाळ्याची ओल अंगात घेऊन उभी असते. जुन्या घराचे काम संक्रांतीनंतर, फाल्गुनापर्यंत काढावे. हवा कोरडी असते आणि पेंटरही मोकळे असतात. दिवाळीला घर उजळ हवेच असेल तर पुढची सिमेंटची खोली तेव्हा करून घ्यावी आणि मागच्या भिंतींना चुन्याचा एक हात द्यावा.